श्रीमंत लोखंडराव कामाला लागतात

फार पूर्वी, ज्या काळी ढगसुद्धा राजवाड्यावरून जाताना गडगडायचे नाहीत, नुसते खाकरायचे, त्या काळी एक भलंमोठं साम्राज्य होतं. केवढं मोठं? पूर्वेच्या टोकाला बाळ जन्मलं की त्याच्या बारशाच्या घुगऱ्या पश्चिमेच्या टोकाला पोचेपर्यंत बाळाच्या लग्नाचं आवतण निघालेलं असे.

या साम्राज्यात सगळं शेतीवर चालायचं. झेंड्यावर नांगर, नाण्यावर कणीस. दरबारातलं प्रत्येक भाषण 'माती आमची आई' असं म्हणून सुरू व्हायचं. फक्त भाषण करणाऱ्यानं या आईला जन्मात कधी हात लावलेला नसायचा.

त्याला कारण होतं. तिथे मोठा माणूस म्हणजे मानकरी, आणि मानकरी म्हणजे जो स्वतःच्या हातानं काहीही करत नाही तो. जितका मान मोठा, तितके हात रिकामे. सगळ्यांत वरच्या थोरल्या मानकऱ्यांना जांभई आली तर चुटकी वाजवायला वेगळा माणूस नेमलेला होता. तो रजेवर गेला की थोरले मानकरी डोळ्यांत पाणी येईपर्यंत जांभई दाबून धरत, पण स्वतः चुटकी वाजवत नसत.

सम्राटाचे हात तर देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखे जपले जात. दर वर्षी सुगीच्या पौर्णिमेला सकाळी 'हातदर्शन' व्हायचं. राजवाड्याच्या सज्ज्यात चांदीच्या घंगाळात दूध ठेवत. सम्राट त्यात हात बुडवी आणि खाली जमलेल्या रयतेला दोन्ही तळवे दाखवी. तळवे शंखासारखे पांढरे दिसले की लोक जयजयकार करत आणि जिलेबी खाऊन घरी जात. तळव्यावर काळा डाग किंवा घट्टा दिसला, तर मात्र सम्राटानं तिथल्या तिथे गादी सोडायची. साम्राज्याच्या मूळपुरुषापासून ही रीत चालत आली होती. तो मूळपुरुष शेतातून थेट गादीवर आला होता. त्याचा नांगर चांदीनं मढवून सज्ज्याच्या दारात उभा केलेला होता आणि येणारा-जाणारा त्याला हात जोडायचा. तो नांगर धरायचा कुठल्या बाजूनं, हे मात्र दरबारात कुणालाही सांगता आलं नसतं.

एव्हाना डोंगरापलीकडच्या राज्यांत वाफेवर गिरण्या चालू झाल्या होत्या. वाफेवर गाड्या पळत होत्या. थोरले मानकरी नाक मुरडून म्हणत, "त्यांना घाई असते, कारण त्यांना मान नसतो."

पण त्या वेळचा म्हातारा सम्राट हौशी होता. शेजाऱ्याच्या दारात झोपाळा दिसला की आपल्याही दारात हवा, अशातला. त्यानं परदेशातून एक वाफेचं इंजिन मागवलं. सोबत डबे मागवले, कोळशाचा डोंगर मागवला, रूळ मागवले आणि हे सगळं चालवायला एक मिस्त्रीही मागवला. रूळ परदेशी मजुरांनीच घातले, राजधानीपासून पार खालच्या मुलखापर्यंत, आणि इथल्या मानपानाला कंटाळून ते पळून गेले.

इंजिन आलं. सनई वाजली, सुवासिनींनी ओवाळलं, थोरल्या मानकऱ्यांनी त्याला चहूबाजूंनी निरखून पाहिलं.

"एवढ्या लांबून आलेला पाहुणा," ते म्हणाले, "एवढा भारदस्त, एवढा काळासावळा, पोट एवढं सुटलेलं. हा साधासुधा असणं शक्य नाही. याला मान द्यायलाच हवा."

म्हणून दरबारानं इंजिनाला पाच हजारी मानकरी केलं. नाव ठेवलं श्रीमंत लोखंडराव. राजवाड्याच्या अंगणात, रुळांच्या टोकावरच, त्यांच्यासाठी चंदनाचं मखर उभारलं, दोन बाजूंना दोन चवऱ्या ढाळणारे ठेवले, आणि तेल घालायच्या भोकांत रोज सकाळी केवड्याचं अत्तर ओतायला सुरुवात झाली. आता पाच हजारी मानकऱ्याला 'जरा हे पोतं ओढ' असं सांगायचं कुणी? लोखंडराव जे बसले ते बसलेच.

मिस्त्रीलाही मान मिळाला, पण दोन हजारी. आणि कायदा असा की, आपल्याहून वरच्या मानकऱ्याच्या अंगाला हात लावला तर मुंडकं उडवायचं. झालं! मिस्त्री आणि इंजिन यांच्यात तीन हजारांचं अंतर पडलं. बिचारा रोज पालखीतून यायचा, लांबूनच लोखंडरावांकडे बघायचा, मुजरा करायचा आणि उसासा टाकून परत जायचा. लोक त्याला 'मिस्त्रीमहाराज' म्हणत. रुळांवर बायका कुरडया वाळत घालत. कुरडया एका रेषेत वाळायच्या, एवढाच काय तो त्या साम्राज्याला यंत्रयुगाचा फायदा झाला.

पुढे म्हातारा सम्राट वारला आणि त्याचा मुलगा गादीवर आला. ऐन पंचविशीतला, सरळ स्वभावाचा. त्याच्या कारकिर्दीचं पहिलंच वर्ष चालू होतं, तेव्हा राजवाड्याच्या दारात एक म्हातारी येऊन बसली.

तिचं नाव कोंडाई. खालच्या मुलखातून चालत आली होती. तिथे दोन पावसाळे कोरडे गेले होते. पहारेकऱ्यांनी तिला हाकलून पाहिलं, पण ती हललीच नाही. शेवटी वैतागून त्यांनी तिला दरबारात आणलं. तिनं पदराच्या गाठीतून काळपट, कडक असं काहीतरी काढलं आणि सम्राटापुढे धरलं.

"खा," ती म्हणाली.

"म्हातारे, महाराजांना 'अहो' म्हणावं!" थोरले मानकरी ओरडले.

"म्हणते की. आधी खाऊ दे त्याला."

सम्राटानं तुकडा तोंडात घातला. चावला. डोळे मिटले. घशाखाली उतरेना.

"काय आहे हे, आजी?"

"भाकरी. बाभळीच्या सालीची आणि गवताच्या बियांची. आमच्याकडं आता हीच सणाला करतात. रोज कुठली परवडायला?"

सम्राटानं तुकडा गिळला, कारण तिच्या देखत थुंकायची त्याला लाज वाटली. त्यानं थोरल्या मानकऱ्यांकडे वळून विचारलं, "आपली कोठारं तर भरून वाहतायत. खाली धान्य गेलं नाही?"

"गेलं ना, महाराज! चारशे बैलगाड्या भरून धाडल्या."

"आल्या की," कोंडाई म्हणाली. "वाट लांबची, आणि वाटेत गवताची काडी नाही. बैलांनी काय खायचं? गाडीतलंच खाल्लं. आमच्यापाशी पोचल्या तेव्हा गाडीत शेण होतं. बैल मात्र तब्येतीनं झकास."

दरबारात कुणीतरी फिसकन हसलं. सम्राट हसला नाही. त्याची नजर खिडकीतून बाहेर गेली. अंगणात लोखंडराव चंदनाच्या मखरात बसले होते आणि त्यांना वारा घातला जात होता.

"ते ओढतील," सम्राट म्हणाला.

"कोण?" थोरल्या मानकऱ्यांचा चेहरा पडला. "श्रीमंत लोखंडराव? पोती? महाराज, ते पाच हजारी आहेत!"

"मग त्यांचा मान काढून घ्या."

"मान काढायचा तर सगळ्या मानकऱ्यांची संमती लागते." थोरल्या मानकऱ्यांनी मागे वळून पाहिलं. सगळ्या मानकऱ्यांनी माना हलवल्या, आडव्या. आज एकाचा मान गेला तर उद्या आपला जाईल, हे त्यांना अंकगणित न शिकता कळत होतं.

"बरं, मान द्यायला तर कुणाची संमती लागत नाही?"

"नाही. तो महाराजांचा अधिकार."

सम्राटानं तबेल्यातले सगळ्यांत दणकट मोतद्दार बोलावले. "आजपासून तुम्ही सगळे सहा हजारी," तो म्हणाला. "आता तुम्ही लोखंडरावांना हात लावू शकता. घ्या फावडी आणि टाका कोळसा!"

मोतद्दारांनी एकमेकांकडे पाहिलं. अंग ताठ केलं. हात पाठीमागे बांधले.

"महाराज," त्यांच्यातला पुढचा नम्रपणे म्हणाला, "काल सांगितलं असतं तर टाकला असता. आता कसा टाकणार? आम्ही मानकरी."

आणि त्यानं मागच्याला खूण केली, की जरा पाठ खाजव.

कोंडाईनं कपाळावर हात मारून घेतला. सम्राटानंही मारून घेतला असता, पण त्याच्या वतीनं कपाळावर हात मारून घ्यायला वेगळा सेवक होता आणि तो जेवायला गेला होता.

मग सम्राटानं मिस्त्रीमहाराजांना बोलावलं. ते पालखीतून उतरले. बारा वर्षांच्या मानापायी पोट सुटलं होतं, बोटांत अंगठ्या होत्या, पण डोळे अजून कामकऱ्याचे होते.

"मिस्त्रीमहाराज, तुम्हाला सहा हजारी केलं तर तुम्हीही हात बांधाल का?"

मिस्त्रीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "महाराज, रात्री मी उशाशी जुना पाना घेऊन निजतो. नट आवळायचंय असं स्वप्न पडतं आणि उठून पलंगाचा पाय पिळत बसतो. मला सहा हजारी करा, नाहीतर गाढवावर बसवून धिंड काढा, पण एकदा त्या इंजिनाला हात लावू द्या!"

"केलं. आणखी काय लागेल?"

"मी दांडे सांभाळीन, महाराज. पण भट्टीत कोळसा टाकायला दुसरा माणूस हवा. एकट्याचं काम नाही ते. आणि टाकणारा थांबला, की गाडी थांबली."

मानकरी टाकणार नव्हते. ज्याला मान द्यावा तो टाकणार नव्हता. ज्याला मान नाही त्यानं लोखंडरावांना स्पर्श केला तर मुंडकं उडणार होतं. मिस्त्री सोडला, तर पाच हजारींच्या वरचा आणि हात न बांधलेला असा एकच माणूस त्या दरबारात उरला होता.

थोरल्या मानकऱ्यांना ते सम्राटाच्या आधीच कळलं. ते हळूच जवळ आले. आवाज अगदी मऊ केला.

"महाराज, सुगीची पौर्णिमा तोंडावर आलीय. कोळसा धुऊन जाईलही एक वेळ, पण फावड्याचा घट्टा जात नाही. रयतेला तळवे दाखवावे लागतील. गादी जाईल."

"माझ्यानंतर गादीवर कोण बसेल?"

"माझा नातू आहे ना." थोरले मानकरी लाजल्यासारखे झाले. "सहा महिन्यांचा आहे, पण हात फार स्वच्छ आहेत. मूठच उघडत नाही अजून."

सम्राटानं आपल्या तळव्यांकडे पाहिलं. गोरे, मऊ, बिनकामाचे. जन्मल्यापासून ते त्याचे नव्हतेच, साम्राज्याचे होते. मग त्यानं कोंडाईकडे पाहिलं. ती खाली बसून उरलेली भाकरी पुन्हा गाठीत बांधत होती, नीट, एक कण सांडू न देता.

तो उठला, अंगणात गेला आणि फावडं उचललं.

अख्ख्या दरबारानं एकदम श्वास आत ओढला. इतका जोरात, की मखराच्या झालरी आतल्या बाजूला वळल्या.

"पोती भरा!" सम्राट ओरडला. डब्यांना मान द्यायचं सुदैवानं सगळे विसरले होते, त्यामुळे त्यांना कुणीही हात लावू शकत होतं. वरच्या मुलखातले शेतकरी धावले. कोठारं उघडली. ज्वारी, तांदूळ, तूर, जे हाताला लागेल ते डब्यांत चढलं. मिस्त्रीमहाराजांनी अंगठ्या काढून खिशात टाकल्या, अत्तरानं चिकटलेली भोकं पुसली, लोखंडरावांच्या पोटातल्या बाष्पकात पाणी भरलं. कोंडाई इंजिनामागच्या डब्यातल्या कोळशाच्या ढिगावर जाऊन ऐटीत बसली.

सम्राटानं पहिलं फावडं मारलं. निम्मा कोळसा भट्टीत, निम्मा स्वतःच्या पायावर.

"अरे लेकरा, फावडं आहे ते," कोंडाई म्हणाली. "आरतीचं तबक धरल्यासारखं काय धरतोस? एक हात खाली घे. कमरेतून वाक. हां! आता कसा माणसासारखा दिसतोस."

वाफ चढली. लोखंडरावांच्या पोटात गुरगुरलं. बारा वर्षं केवडा पिऊन सुस्तावलेला तो देह थरथरला, आणि मग त्यांनी अशी काही शिट्टी मारली की राजवाड्यातले सगळे हत्ती मटकन खाली बसले. थोरल्या मानकऱ्यांच्या चुटकीवाल्यानं घाबरून एका दमात वर्षभराच्या चुटक्या वाजवून टाकल्या.

गाडी सुटली. रुळांवरच्या कुरडया दोन्ही बाजूंना उडाल्या. वेग असा घेतला की गाडीची सावली मागेच राहिली. पुढच्या मुक्कामाला पाणी भरायला थांबले, तेव्हा ती धापा टाकत येऊन मिळाली.

सम्राटाच्या हातांना आधी फोड आले. मग ते फुटले. मिस्त्रीमहाराज म्हणाले, "थोडं थांबू या का?" सम्राटानं विचारलं, "आजी, तुमच्याकडे शेवटचा सण कधी झाला?" कोंडाईनं सांगितलं, "आठवत नाही रे." सम्राट पुन्हा कमरेतून वाकला.

खालच्या मुलखाच्या वेशीवर गाडी पोचली, तेव्हा आधी कुणी जवळच येईना. लोकांना वाटलं, काळा राक्षस आलाय. मग राक्षसाच्या पाठीवरून कोंडाई उतरली आणि ओरडली, "अगं ए, चुली पेटवा! बैलांनी न खाल्लेलं धान्य आलंय!"

त्या दिवशी खालच्या मुलखात एवढ्या चुली पेटल्या की धूर पाहून ढगांना वाटलं, आपलीच कुणी नातेवाईक मंडळी जमलीत, आणि ते चौकशीला खाली उतरले. पाऊस पडला की नाही याबद्दल दोन मतं आहेत. पण त्या रात्री पोरं भरल्या पोटी निजली, याबद्दल एकच मत आहे.

गाडीनं आणखी फेऱ्या केल्या. सम्राटाचे फोड सुकले आणि त्यांच्या जागी घट्टे आले. मग पौर्णिमा उद्यावर येऊन ठेपली.

"परत जायलाच हवं का, महाराज?" मिस्त्रीनं विचारलं. "इथेच राहा. इथले लोक तुम्हाला डोक्यावर घेतील."

"हात लपवून बसलो, तर उद्या फावडं कोण उचलेल?" सम्राट म्हणाला. "चला."

रिकाम्या डब्यांत खालच्या मुलखातले लोक दाटीवाटीनं चढले. त्यांना हातदर्शन बघायचं होतं. कोंडाई सोडली, तर त्यांच्या सात पिढ्यांत कुणी राजधानी पाहिली नव्हती.

राजधानीचा कळस दिसू लागला आणि कोळसा संपला. गाडी मंदावली. मिस्त्रीनं इकडे तिकडे पाहिलं. मागच्या डब्यात लोखंडरावांचं चंदनाचं मखर होतं, कारण निघताना मानकऱ्यांनी हट्टानं चढवायला लावलं होतं, की श्रीमंतांची वाटेत गैरसोय नको. सम्राटानं ते कुऱ्हाडीनं फोडून भट्टीत टाकलं. मग चवऱ्यांचे दांडे गेले. तरी गाडी वेशीपर्यंत पोचेना.

"माझी पालखी!" मिस्त्रीमहाराज आनंदानं ओरडले. "तीही चढवलीय त्यांनी! टाका, महाराज, टाका! बारा वर्षं तिच्यात अवघडून बसलोय, तिला पहिल्यांदा गरम होऊ दे!"

अशा रीतीनं लोखंडराव आपल्याच मानावर चालत राजधानीत शिरले. सगळ्या शहरावर चंदनाचा सुवास पसरला.

राजवाड्यासमोर माणसांचा समुद्र होता. सज्ज्यात घंगाळ तयार होतं. थोरले मानकरी नातवाला कडेवर घेऊन उभे होते. नातवाला कडेवर घेण्याचं काम त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच स्वतः केलं होतं, कारण ही संधी दुसऱ्याच्या हाती द्यायची नव्हती.

सम्राट जिने चढून वर आला. अंगावर राजवस्त्र होतं, पण ते कोणत्या रंगाचं हे सांगता येत नव्हतं. चेहरा काळा, फक्त डोळे चमकत होते.

मागोमाग आलेला मिस्त्री कानाशी कुजबुजला, "महाराज, आधी दुधात धुऊन घ्या. घट्टे खालून दिसणार नाहीत. एवढ्या लांबून कुणाला कळणार आहे?"

सम्राटानं घंगाळाकडे पाहिलं. त्याला वाटलं, खरंच, सोपं आहे. बुडवायचे, दाखवायचे, जिलेबी वाटायची. मग त्याची नजर दारातल्या चांदीच्या नांगरावर गेली. नांगराची मूठ त्यानं लहानपणापासून शंभरदा पाहिली होती. आज पहिल्यांदा त्यानं तिच्याभोवती हात मिटला. घट्टे बरोबर तिथेच बसले, जिथे ते बसायला हवेत.

तो घंगाळाला हात न लावता कठड्याशी गेला आणि दोन्ही तळवे रयतेला दाखवले. काळे. फुटलेले. घट्टे पडलेले.

जिलेबीवाला मान वर करून बघत राहिला आणि त्याची जिलेबी कढईतच करपली.

"पाहा!" थोरले मानकरी गरजले. "मळके हात! रीत मोडली! या क्षणापासून..."

"काका, थांबा जरा," सम्राट म्हणाला. "मला एक सांगा. हे दूध कशाला ठेवलंय?"

"हात धुवायला! रीत आहे!"

"कसले हात?"

"कसले म्हणजे? सम्राटाचे!"

"स्वच्छ की मळलेले?"

थोरल्या मानकऱ्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. त्यांच्या चुटकीवाल्याला वाटलं जांभई आली, आणि त्यानं चुटकी वाजवली.

"आपला मूळपुरुष नांगर सोडून थेट इथे आला," सम्राट खाली सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "त्याच्या हातांना माती होती, म्हणून त्यानं हात धुतले. रीत धुण्याची नाही, काम करून येण्याची आहे. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या न मळलेले हात धूत बसलो आणि दूध नासवलं. आज पहिल्यांदा या दुधाला काही काम आहे. गादी सोड म्हणत असाल, तर सोडतो. पण आधी सांगा, तुमच्यातल्या कुणाचे हात माझ्यापेक्षा स्वच्छ आहेत?"

मग डब्यातून उतरलेल्या गर्दीत कोंडाईनं आपले सुरकुतलेले, भेगाळलेले हात वर केले. "माझे तरी नाहीत बाबा!" ती ओरडली.

तिच्या शेजारच्यानं वर केले. चिखलाचे. मग एका रंगाऱ्यानं, कोपरापर्यंत निळे. कुंभाराचे, लोहाराचे, शेणानं माखलेले, हळदीनं पिवळे झालेले, कोयत्यानं कापलेले. पाहता पाहता सगळ्या मैदानात हातांचं शेत उभं राहिलं. राजधानीतले लोक जन्मभर इथे येऊन एका माणसाचे पांढरे तळवे बघून गेले होते. आपलेही दाखवायचे असतात, हे त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

त्या एवढ्या मोठ्या जमावात स्वच्छ हातांचे फक्त मानकरी उरले. त्यांनी ते हळूच अंगरख्याच्या बाह्यांत लपवले.

सम्राटानं घंगाळात हात बुडवले. दूध काळं होत गेलं, पार काळं, दौतीतल्या शाईसारखं. आणि मैदानातून असा जयजयकार उठला की आधीच खाली बसलेले हत्ती उठून उभे राहिले.

थोरले मानकरी अजून 'पण माझा नातू... स्वच्छ हात...' असं पुटपुटत होते. तेवढ्यात नातवानं आयुष्यात पहिल्यांदा मूठ उघडली. सम्राटाच्या काजळी लागलेल्या बाहीला पकडलं, दोन्ही हात मनसोक्त काळे करून घेतले आणि आजोबांच्या पांढऱ्याशुभ्र दाढीला पुसले. असा खदाखदा हसला, की आजोबांनाही हसू आवरेना. हसता हसता त्यांना जांभई आली, आणि आनंदाच्या भरात त्यांनी स्वतःच चुटकी वाजवली. आवाज बरा निघाला. त्यांनी आणखी एकदा वाजवून पाहिली.

दुसऱ्या दिवशी सगळे मानकरी दरबारात काळे हात घेऊन हजर झाले. सम्राट प्रत्येकाचा हात हातात घेऊन दाबायचा आणि मग स्वतःचा अंगठा पाहायचा. काजळ अंगठ्याला लागायचं. खरा घट्टा असा लागत नाही. काजळवाल्यांवर तो रागावला नाही. नुसतं म्हणाला, "छान सुरुवात. आता फावडं घ्या."

लोखंडरावांची पाच हजारी त्याच दिवशी एकमतानं काढून घेण्यात आली. त्यांना काही वाईट वाटल्याचं दिसलं नाही. उलट धूर जास्तच सोडू लागले. मग पाठोपाठ गिरण्या आल्या, लोखंडाच्या भट्ट्या आल्या, पाणी उपसायचे पंप आले आणि खालच्या मुलखात दुसरं पीक निघू लागलं. मिस्त्रीमहाराजांनी हातांनी काम शिकू पाहणाऱ्या पोरापोरींची शाळा काढली आणि 'महाराज' हा शब्द नावातून काढून टाकला. उशीर झाला होता खरा, पण एकदा सुटल्यावर ते साम्राज्य असं धावलं की डोंगरापलीकडच्यांना वळून बघावं लागलं.

आणि थोरले मानकरी? त्यांना राजधानीच्या स्टेशनात झेंडीवाला म्हणून नेमलं. रोज कडक इस्त्रीचा पोशाख घालून ते फलाटावर उभे राहतात. हिरवी झेंडी त्यांनी स्वतःच्या हातानं हलवल्याशिवाय गाडीची हलायची हिंमत होत नाही. एवढा मान आपल्याला जन्मात कधी मिळाला नव्हता, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, आणि कुरडया घेऊन रुळांकडे येणाऱ्या बायकांना प्रेमानं परत पाठवतात.

तात्पर्य: हात धुण्याचा मान त्याचा, ज्यानं ते आधी मळवले. आणि जुनी रीत मोडावी की पाळावी असा वाद पडलाच, तर ती पहिल्या दिवशी कुणी आणि कशासाठी केली होती, एवढं आधी विचारून घ्यावं.